नदीला भागाकार येत नाही

डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि त्याची बातमी पार मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. नाल्यांचं तर विचारूच नका. रंगाच्या बाजारात सध्या कोणत्या छटेला मागणी आहे हे कळायला मुंबईचे व्यापारी चार ठिकाणी फोन करतात; आम्ही नुसते पुलावरून खाली बघतो.

एवढं करूनही अर्थजगतात ‘हरित’ म्हटलं की डोंबिवलीचं नाव निघत नाही. हरित रोखे इंदूर महापालिकेने काढले, पिंपरी-चिंचवडने काढले, २०२३ च्या जानेवारीत खुद्द केंद्र सरकारने काढले. प्रत्यक्ष आभाळातून हिरवं पाडून दाखवणाऱ्या शहराला मात्र कुणी गुंतवणूकदार विचारत नाही. हा सरळसरळ अन्याय आहे, आणि त्याची दाद कुठे मागायची तेही ठाऊक नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागावी, तर ते आधी नमुना घेऊन जातील.

दोष एकट्या गुंतवणूकदारांचा नाही. त्यांना शिकवणारे गुरुजीच दुसऱ्या कामात होते. वित्त विषयातली जगातली नामांकित २१ संशोधनपत्रं तीन अभ्यासकांनी चाळली. जानेवारी १९९८ ते जून २०१५ या काळात त्यांत २०,७२५ लेख छापून आले. हवामान बदलाशी या ना त्या प्रकारे संबंध असलेले लेख किती? बारा. बाराशे नव्हे, एक डझन. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला, तोही वित्ताच्या नव्हे, हवामानाच्या संशोधनपत्रात. याच साडेसतरा वर्षांत २६ जुलै २००५ येऊन गेला होता, कल्याण पाण्यात होतं, बदलापूर पाण्यात होतं. उरलेल्या २०,७१३ लेखांत शेअर सोमवारी का पडतो, डिव्हिडंड जाहीर झाल्यावर का वधारतो, सीईओला जास्त पगार दिला की तो जास्त काम करतो की जास्त पगार मागतो, अशा निकडीच्या प्रश्नांचा सखोल विचार झाला असणार. नदी हा विषय त्यांना भूगोलाचा वाटला.

पुढे लाट आली. पर्यावरण, समाज आणि कारभार यांची इंग्रजी आद्याक्षरं एकत्र करून ‘ईएसजी’ झालं आणि जो तो त्यावर शोधनिबंध पाडू लागला. २०१५ मध्येच तिघा जर्मन संशोधकांनी असे सुमारे २,२०० अभ्यास एकत्र तपासले आणि सांगितलं की जवळपास नव्वद टक्के अभ्यासांत चांगल्या वागण्याचा कंपनीच्या कमाईवर वाईट परिणाम झालेला दिसत नाही. प्रश्न कसा घातलाय बघा. चांगलं वागलं तर पैसे बुडतात का? नाही? मग वागायला हरकत नाही. नदीला काय झेपतं हा प्रश्न २,२०० वेळा संधी येऊनही कुणाला फारसा सुचला नाही. उल्हास नदीची बाजू मांडणारा सहलेखक त्या टेबलावर नव्हता.

बरं, चांगलं वागणारी कंपनी कोणती हे तरी ठरलंय का? सहा नावाजलेल्या संस्थांनी दिलेली ईएसजी मानांकनं शेजारी ठेवून पाहिली तर त्यांचा आपसातला मेळ सरासरी ०.५४ निघाला. कंपनी कर्ज फेडेल की नाही यावर दोन पतमानांकन संस्थांचं जवळजवळ एकमत असतं. तीच कंपनी पर्यावरणाला धरून आहे की नाही यावर मात्र प्रत्येकाचं आपलं आपलं मत. म्हणजे पैसे परत येतील का हे मोजायला माणूस शिकलाय. बाकीचं अजून अंदाजपंचे दाहोदरसे.

आता आपल्याकडे या. ‘सेबी’ने १० मे २०२१ रोजी परिपत्रक काढलं आणि बाजारमूल्याने वरच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून एक अहवाल सक्तीचा केला. जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल. कामकाजात त्याला बीआरएसआर म्हणतात. हा अहवाल भरतं कोण? डोंबिवलीकर. सकाळच्या फास्टला लटकून घाटकोपर किंवा कुर्ला गाठायचं, तिथून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या थंडगार मजल्यावर जायचं आणि दिवसभर कुठल्या तरी कंपनीने किती किलोलिटर पाणी उचललं याचे रकाने भरायचे. रात्री निवासी विभागातल्या घरी परतल्यावर साडेअकराच्या सुमाराला जो वास येतो, त्याला त्या अहवालात रकाना नाही. रकाना नाही म्हटल्यावर वास नाही. मुलगी खोकली तर खिडकी लावायची.

पाण्याचा तक्ता जरा जवळून बघण्यासारखा आहे. सहाव्या तत्त्वाखाली येतो. पाणी कुठून उचललं: भूपृष्ठावरचं, भूगर्भातलं, तिसऱ्या पक्षाकडून घेतलेलं, समुद्राचं, इतर. आमच्या भागातला कारखाना असेल तर तो बहुधा ‘तिसरा पक्ष’ या ओळीत आकडा टाकतो, कारण पाणी एमआयडीसीच्या नळातून येतं. एमआयडीसी ते आणते बारवी धरणातून. त्या धरणाची उंची वाढवताना ज्या गावांची जमीन बुडाली त्या गावांची नावं तक्त्यात येत नाहीत. ती लोकं चौथा पक्ष असावीत.

त्याखाली एकूण वापराची ओळ आहे, आणि त्याखाली खरी गंमत: उलाढालीच्या दर रुपयामागे किती पाणी वापरलं. ही ओळ सगळ्यांची लाडकी. समजा, एका कंपनीने पहिल्या वर्षी एक लाख किलोलिटर पाणी वापरलं आणि उलाढाल केली शंभर कोटींची. म्हणजे कोटीला हजार किलोलिटर. पुढे पाणी गेलं एक लाख तीस हजारांवर आणि उलाढाल दोनशे कोटींवर. कोटीला साडेसहाशे. अहवालाच्या चकचकीत पानावर पानाफुलांच्या चित्राशेजारी ठळक अक्षरांत येतं: पाण्याच्या वापरात ३५ टक्के घट! नदीतून प्रत्यक्षात ३० टक्के पाणी जास्त गेलेलं असतं. उलाढाल वाढायला माल जास्त विकला गेला पाहिजे असंही नाही, भाव वाढला तरी पुरतं. महागाईने पर्यावरण सुधारतं, ही वित्तशास्त्राची जगाला देणगी.

उद्या डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं की सांगून बघा: वजन सहा किलो वाढलंय खरं, पण पगारही वाढलाय, तेव्हा पगाराच्या दर हजारामागे मी चांगलाच बारीक झालोय. डॉक्टर काय म्हणतील ते कळवा. सांध्यांना पगार कळत नाही आणि नदीला भागाकार येत नाही.

याच ओळीखाली आणखी एक ओळ असते: कंपनीला योग्य वाटेल ते दुसरं एखादं माप, ऐच्छिक. माप कुठलं घ्यायचं ते कंपनीनेच ठरवायचं. शिंप्याच्या धंद्यातही एवढी मोकळीक नाही.

आणि ज्या भागात आधीच पाण्याची ओढ आहे तिथून किती पाणी उचललं, हा जो एकमेव नदीच्या बाजूचा प्रश्न, तो कुठे ठेवलाय? ‘नेतृत्व निर्देशकां’त. म्हणजे ज्यांना पुढारीपण करायची हौस असेल त्यांनी भरावा. पुरवठादार आणि ग्राहक यांच्यामार्फत होणारं उत्सर्जनही तिथेच. थोडक्यात, जे प्रश्न दुखतात ते ऐच्छिक, जे सुखावतात ते सक्तीचे. दहावीचा पेपर असा निघाला असता तर आमच्या वर्गातले सगळे बोर्डात आले असते.

मर्यादा कशाला म्हणतात हे शास्त्रज्ञांनी स्वच्छ सांगितलेलं आहे. योहान रॉकस्ट्रॉम आणि मंडळींनी २००९ मध्ये पृथ्वीच्या नऊ सीमा मांडल्या: हवामान, जैवविविधता, गोडं पाणी, नत्र-स्फुरद, वगैरे. २०२३ च्या हिशोबात नवांपैकी सहा ओलांडून झाल्या होत्या. त्यांतली एक सीमा आहे माणसाने नव्याने बनवलेल्या रसायनांची. हे सगळे एकूण आकडे आहेत. इतकं झेपतं, त्यापुढे नाही. दर रुपयामागे अमुक, दर शेअरमागे तमुक अशी सवलत त्यात नाही. तर, रसायनांची ही सीमा जगाने ओलांडली असं २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं तेव्हा डोंबिवली एमआयडीसीच्या फेज वन आणि फेज टूमधल्या जाणत्या लोकांना हसू आलं. आम्ही आधी गेलो होतो. जग नेहमीप्रमाणे मागून आलं.

वित्त संशोधनाचं आणि या सीमांचं लग्न लागत नाही, ते इथेच अडतं. एकाचं सगळं आयुष्य गुणोत्तरात गेलेलं, दुसऱ्याला बेरजेशिवाय काही कळत नाही.

पण समजा, बेरजेचाही तक्ता सक्तीचा झाला. तरी तो भरणार कोण? वरच्या हजार नोंदणीकृत कंपन्या. डोंबिवलीच्या कारखान्यांपैकी बरेचसे या यादीच्या आसपासही नाहीत. कुणाची भागीदारी, कुणाची खासगी मर्यादित, कुणाचा गाळा. ते मोठ्या कंपनीसाठी मधलं रसायन करून देतात. मोठी कंपनी त्यावर शेवटचा हात फिरवते आणि डबा बंद करते. घाण काम इथे होतं, अहवाल तिथे छापला जातो. सेबीलाही हे कळत होतं, म्हणून त्यांनी पुरवठादारांची माहिती मागायचं ठरवलं. मग उद्योगांनी कपाळाला आठ्या घातल्या. मार्च २०२५ च्या परिपत्रकात गोष्ट वरच्या अडीचशे कंपन्यांपुरती आणि ऐच्छिक झाली, तीही ज्यांच्याकडून मूल्याने दोन टक्के किंवा जास्त खरेदी होते अशा पुरवठादारांपुरती. फेज टूमधला वीस कामगारांचा कारखाना कुणा बलाढ्य कंपनीच्या खरेदीत दोन टक्के व्हायचा, तर आधी त्याला स्वतः बलाढ्य व्हावं लागेल. स्फोट व्हायला मात्र दोन टक्क्यांची अट नाही.

२६ मे २०१६ ला प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये झाला. बारा माणसं गेली, कितीतरी जखमी, पार लांबच्या इमारतींच्या काचा रस्त्यावर. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये झाला. पुन्हा मे, पुन्हा काचा, पुन्हा शास्त्रीनगर रुग्णालयाबाहेर नातेवाईक. त्याच वर्षी जूनमध्ये आणखी एक आग. या तारखा कुठल्याही गुंतवणूकदाराच्या सादरीकरणात सापडत नाहीत; वार्षिक निकाल मेमध्येच लागतात म्हणून मंडळी बहुधा गडबडीत असावीत.

आता माणसाच्या किमतीचा हिशोब. वित्तशास्त्रात भविष्य आजच्या भावात आणायची सोय आहे, तिला डिस्काउंट रेट म्हणतात. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका, परवाचा त्याहून हलका. शंभर वर्षांनी कुणाचं तरी एक लाखाचं नुकसान होणार आहे. दहा टक्के दर लावला तर त्याची आजची किंमत सात रुपये सव्वीस पैसे. डोंबिवली स्टेशनबाहेर एवढ्यात वडापाव येत नाही, नुसता पाव येईल. निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात सुमारे १.४ टक्के दर धरला म्हणून केवढा गहजब झाला. त्या दराने तेच नुकसान आजच्या भावात पंचवीस हजारांच्या घरात जातं. एक आकडा बदलला की पणतवंडं सात रुपयांवरून पंचवीस हजारांवर. या बदलाला विज्ञान लागत नाही, मन लागतं, म्हणून त्यावर इतकी वर्षं भांडण चालू आहे.

पंचवीस हजार हा आकडा डोंबिवलीकराने लक्षात ठेवावा. भोपाळनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्याने विमा काढायचा आणि अपघात झाला तर चूक कुणाची हा वाद न घालता तातडीने मदत द्यायची, असा चांगला कायदा. परिशिष्टात दर होते: मृत्यू, २५,००० रुपये. वैद्यकीय खर्च, १२,५०० रुपयांपर्यंत. खासगी मालमत्तेचं नुकसान, ६,००० रुपयांपर्यंत. जास्तीची भरपाई कोर्टात जाऊन मागायला मोकळीक होती, म्हणजे वकिलाची फी देण्याचीही होती. १९९१ चे हे आकडे २०१६ च्या स्फोटावेळीही तेच होते. मधल्या काळात फ्लॅटचा दर, लोकलचा पास, शेअर बाजाराचा निर्देशांक, आमदारांचं मानधन, सगळं बदललं. माणूस स्थिर राहिला. सहा हजारांत स्लायडिंगच्या किती खिडक्या होतात ते एखाद्या ॲल्युमिनियमवाल्याला विचारा, तो चहा पाजून परत पाठवेल.

२०२४ मध्ये सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले. बरं केलं. पण ते आले तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. नफा फेज टूमध्ये, भरपाई मंत्रालयात. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. बाह्य म्हणजे कंपनीच्या बाहेर. आम्ही तिथेच राहतो.

डिस्काउंट रेटचा आणखी एक उपयोग आहे, तो पाठ्यपुस्तकात सांगत नाहीत. ‘वनशक्ती’ ही संस्था उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरोधात २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने महापालिका, एमआयडीसी, सांडपाणी केंद्रं यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंड जितकी वर्षं लांबेल तितकी त्याची आजची किंमत घटते, हे दहा टक्क्यांच्या गणिताने कुणालाही सिद्ध करता येईल. तेव्हा तारीख पडणं हीसुद्धा एक प्रकारची गुंतवणूक असते, आणि परतावा खात्रीचा. वालधुनी मात्र आज वाहते ती आजच्या भावाने.

कल्याणच्या वर, मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी, उन्हाळा जवळ आला की उल्हास नदीवर जलपर्णीची हिरवीगार गादी पसरते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते. लांबून ड्रोनने फोटो काढला तर कुठल्याही शाश्वतता अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभेल. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचंही तसंच. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव लागलं, कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण ते पक्षी ज्या शेवाळावर जगतात ते फोफावायला आपल्या शहरांच्या मैल्याचा हातभार आहे असं अभ्यासक सांगतात. हे कळल्यापासून मला पक्षीनिरीक्षणाला जाताना उगाच यजमान असल्यासारखं वाटतं.

तर मग वित्त आणि पर्यावरणाची गाठ पडतच नाही का? पडते. आमच्याकडे दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा ती घालून देणारे प्राध्यापक नव्हते, न्यायाधीश होते.

पहिली, कल्याण-डोंबिवली, एप्रिल २०१५. आधारवाडीच्या डोंगरावर वर्षानुवर्षं कचरा पडत होता, प्रक्रिया शून्य, उन्हाळ्यात आगी, खाडीच्या बाजूला धूर. निवेदनं झाली, मोर्चे झाले, महासभेत हाणामारीपर्यंत चर्चा झाली. डोंगर वाढतच होता. मग मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं: कचऱ्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था करत नाही तोवर नव्या बांधकामांना परवानगी द्यायची नाही. झालं! ज्या बिल्डरांनी आधारवाडी फक्त गाडीच्या बंद काचेतून पाहिली होती ते ओला कचरा, सुका कचरा, बायोगॅस असे शब्द बोलू लागले. महापालिकेच्या उत्पन्नाला खार लागला, तेव्हा घनकचऱ्याची फाइल वरच्या मजल्यावर गेली. सुमारे वर्षभराने, अटी-शर्ती मान्य केल्यावर, बंदी उठली. एवढं एक वर्ष या शहराच्या इतिहासात असं आहे की कचरा आणि सदनिकेचा भाव एकाच वाक्यात उच्चारले गेले.

दुसरी, घोडबंदर रोड, मे २०१७. टॉवरवर टॉवर, प्रत्येकाच्या नावात लेक नाहीतर रिव्हर नाहीतर फॉल्स, आणि खाली टँकरची रांग. न्यायालयाने ठाणे महापालिकेला विचारलं की पाणी नाही तर परवानग्या कशा देता? आणि नव्या बांधकामांना लगाम घातला. काही महिन्यांनी तोही सैल झाला. टँकर आहेतच.

या दोन आदेशांत जे आहे ते वरच्या २०,७२५ लेखांत शोधूनही फारसं मिळणार नाही. आधी एकूण सांगा: कचरा किती, पाणी किती, झेपतं किती. मग पैशाचा नळ सोडा. दर चौरस फुटामागे कचरा कमी झाला आहे असा युक्तिवाद तेव्हा कुणी केल्याचं ऐकिवात नाही. केला असता तरी न्यायमूर्तींनी डोंगराकडे बोट दाखवलं असतं. पदव्युत्तर वित्त शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेने हे दोन खटले पहिल्या सत्रात ठेवायला हरकत नाही. विद्यार्थ्यांची सहल सोपी आहे. कल्याणला उतरायचं, रिक्षाने आधारवाडी. डोंगर आता बंद आहे, पण धडा घेण्याइतका शिल्लक आहे.

बँकांनी मात्र हा धडा घेतलेला नाही. घरासाठी कर्ज मागायला गेलात तर पगाराची स्लिप, तीन वर्षांची रिटर्न, आधार, पॅन, जामीनदार, त्या जामीनदाराचा आधार, सगळं लागतं. इमारतीला पाणी कुठून येणार, मैला कुठे जाणार, रासायनिक कारखाना किती मीटरवर आहे, यांतलं काही अर्जात विचारत नाहीत. एमआयडीसी आणि वस्ती यांच्यामध्ये मोकळी जागा राखायची होती, ती भरत गेली. भरली ती काही रोख पैशांनी नाही. पर्यावरणाचं सोडा, इमारत खरी आहे का हेदेखील बघितलं जात नाही: कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. त्यांतल्या घरांवर कर्जं दिली गेली होती. कागद तपासण्यात ज्यांचा हातखंडा, त्यांना कागद खोटा असल्याचं कळलं नाही; त्यांना नदीचं पाणी खराब असल्याचं कळावं अशी अपेक्षा म्हणजे जरा जास्तच.

राज्य सरकारकडे एक तोडगा होता. २०२२ मध्ये ठरलं की डोंबिवलीतले दीडशेवर धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचे. डोंबिवलीकरांनी टाळ्या वाजवल्या. पाताळगंगा हीदेखील एक नदी आहे आणि तिच्या काठीही माणसं राहतात, ही बारीकसारीक बाब टाळ्यांच्या आवाजात राहून गेली. आमच्या ताळेबंदातून तो खर्च जाईल, त्यांच्या ताळेबंदात येईल, बेरीज जिथल्या तिथे. सीमा ओलांडली की सामान उचलून दुसऱ्या नदीवर. अर्थात, २०२४ मध्ये काचा पुन्हा डोंबिवलीतच फुटल्या, त्यावरून सामान अजून बांधून व्हायचं होतं असं दिसतं.

सामान्य माणसाला या सगळ्यात हातभार लावायचा असेल तर सोय आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून हरित ठेवींची चौकट लागू केली. जानेवारी २०२४ मध्ये स्टेट बँकेने हरित मुदत ठेव आणली: १,१११ दिवस, १,७७७ दिवस आणि २,२२२ दिवस. मुदती कुठल्या शास्त्रज्ञाने काढल्या की ज्योतिषाने, माहीत नाही. व्याज नेहमीच्या ठेवीपेक्षा शंभराला दहा पैसे कमी. पृथ्वीसाठी एवढं तरी सोसा.

आता कल्पना करा, डोंबिवलीच्या मिलापनगरमधले एक निवृत्त गृहस्थ कुठल्याशा बँकेत पासबुक भरायला गेलेत. काउंटरवरच्या ताई सांगतात, “काका, ही हरित ठेव घ्या ना. पर्यावरणाला मदत होते.”

“व्याज?”

“अगदी थोडं कमी. पाच लाखांवर वर्षाला पाचशेचा फरक.”

काका चष्मा पुसतात. “म्हणजे पाचशे मी द्यायचे.”

“पर्यावरणासाठी, काका.”

“देतो की. आमच्याकडे रोज रात्री साडेअकराला जो येतो, त्याच्याकडून किती घेता?”

ताई टोकन नंबर ४७ पुकारतात.